फोटोच्या मागचा कोळी

आज आवाज जरा घुमतोय, त्याबद्दल आधीच सॉरी. खोली जवळपास रिकामी झालीये. आमची प्रभादेवीची चाळ रीडेव्हलपमेंटला चाललीये, शनिवारी टेम्पो येणार, आणि मी खोक्यांच्या मध्ये बसून रेकॉर्ड करतोय. मध्येच पॅकिंग टेपचा कर्रर्र आवाज आला तर ती आई आहे, समजून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग इथे लिहूनही टाकतोय, बोलताना जिथे अडखळलो ते थोडं सरळ करून.

पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला. दिवसा लोअर परळच्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांचे बग सोडवतो आणि रात्री इथे कॉमिक्सबद्दल बडबडतो. आजवर आपण छापलेल्या कॉमिक्सबद्दलच बोललो. आज बोलायचंय मूळ पानाबद्दल. म्हणजे चित्रकाराने हाताने काढलेलं, ज्यावरून हजारो प्रती छापल्या जातात, आणि जे नंतर कुठे जातं हे कुणी विचारत नाही, ते पान. आणि तेही कालिदासाच्या 'शाकुंतला'तलं. कारण ते मला आमच्याच घरात सापडलंय.

झालं असं. पणजोबांचा एक मोठा फोटो आमच्याकडे भिंतीवर होता, तुमच्याकडेही असेल तसा, टोपी घातलेला, रागावलेला. काच तडकली होती, म्हणून म्हटलं फ्रेम इथेच सोडू आणि फक्त फोटो नेऊ. मागच्या चुका उपटल्या, पुठ्ठा काढला. आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चित्र! काळी शाई, जाडजूड पांढरा बोर्ड आता चहाच्या रंगाचा झालेला, सहा चौकटी. पणजोबांच्या पाठीला पाठ लावून सहा चौकटींचं कॉमिक इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

आजीला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, हे तर ह्यांच्या प्रेसमधलं."

आजोबा छापखान्यात कॅमेरामन होते. सिनेमाचे नाहीत. ऑफसेट छपाईच्या प्रोसेस खात्यात एक खोलीएवढा कॅमेरा असायचा. समोरच्या फळीवर चित्र लावायचं, दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे सोडायचे, आणि पलीकडे अंधाऱ्या खोलीत त्या मापाची निगेटिव्ह काढायची. निगेटिव्हवरून प्लेट, प्लेटवरून छपाई. आजी सांगते, रात्रपाळीवरून आले की अंगाला हायपोचा वास यायचा, आणि दिवसा उजेडात डोळे चोळत बसायचे. निगेटिव्ह निघाली की छापखान्याच्या दृष्टीने मूळ चित्राचं काम संपलं. काही प्रकाशक परत मागवायचे, बरेच नाही मागवायचे. गठ्ठे साचायचे, मग रद्दीत. "बोर्ड चांगला असायचा रे," आजी म्हणाली, "ह्यांना टाकवायचा नाही." तर आमच्या घरात कपाटाच्या खणांत, पाटाखाली, देवाच्या फोटोमागे असे बोर्ड होते. बाकीचे एका पावसाळ्यात भिजले. हा एक उरला, कारण तो पणजोबांच्या मागे होता.

आता पान कसं आहे ते सांगतो, डोळ्यांसमोर आणा.

'शाकुंतल' साधारण माहितीये ना? दुष्यंत राजा आश्रमात शकुंतलेला भेटतो, लग्न करतो, अंगठी देऊन जातो. दुर्वास शाप देतात, राजा तिला विसरतो. खुणेची अंगठी दाखवली तर शाप सुटेल, पण ती अंगठी शचीतीर्थावर पाण्यात पडलेली. शाळेत आपण एवढ्यावर थांबतो. सहाव्या अंकाच्या सुरुवातीला एक छोटा प्रवेश आहे, आणि माझं पान त्याचंच आहे. एका कोळ्याला रोहित मासा कापताना पोटात अंगठी मिळते. तो ती बाजारात विकायला जातो, आणि राजाचं नाव बघून दोन शिपाई त्याला धरतात. सूचक आणि जानुक. वर त्यांचा साहेब, नगराचा कोतवाल, जो राजाचा मेहुणा आहे. (हो, तेव्हाही पोलीस खात्यात मेहुणेच होते.) चोरी कुठे केलीस बोल, म्हणून दरडावतात, मारतात. याला कधी एकदा सुळावर चढवतो असं त्यातल्या एका शिपायाला झालेलं असतं.

पान बघताना मला आधी दिसला तो मासा. आजी चष्मा लावून म्हणाली, "हा रोहू नाही. हा रावस आहे." मी म्हटलं आजी, नाटकात रोहित मासा आहे, नदीतला, गंगेकाठचा. ती म्हणाली, "नाटकात असेल. ह्या बाबाने रावस काढलाय. शेपटी बघ." आणि खरंच. मग आम्ही कोळी बघितला. खांद्यावर पाग, कमरेला पुढे टोक आलेला त्रिकोणी रुमाल, कानात बाळी. हा हस्तिनापूरचा माणूस नाहीच. हा वरळी कोळीवाड्यातला आहे. इथून चालत गेलं तरी पोचता येईल तिथला. चित्रकाराला कालिदासाचा धीवर काढायचा होता, आणि त्याने जो कोळी रोज डोळ्यांना दिसायचा तोच काढला.

गंमत म्हणजे शकुंतला असती तर असं झालं नसतं. शकुंतला कशी दिसते हे मुंबईत आधीच ठरून गेलेलं होतं. राजा रविवर्म्याने काढली, आणि 1894 साली त्याने छापखाना काढला तो इथेच, गिरगावात. त्याच्या चित्रांचे ओलिओग्राफ घराघरांत गेले. त्याआधी 1880 ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं. मग 1943 मध्ये व्ही. शांतारामांनी परळच्या राजकमलची सुरुवात 'शकुंतला' याच सिनेमाने केली. एवढं सगळं बघून वाढलेला चित्रकार शकुंतला काढायला बसला की हात आपोआप वळतो: फुलांचे दागिने, मान तिरकी, पायातला काटा. कोळ्याचं मात्र कुणी काही ठरवलेलं नव्हतं. तिथे चित्रकार मोकळा.

आता तांत्रिक भाग, कारण मला त्यातच जास्त मजा आली.

एक. पान छापील कॉमिकपेक्षा मोठं आहे, साधारण दीडपट. मोठं काढायचं आणि कॅमेऱ्याने लहान करायचं, म्हणजे रेघेतला थरथराट छपाईत दिसत नाही. मूळ पानावर मात्र सगळं दिसतं. ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, शाई कुठे संपत आली. शिपायाच्या भाल्याची रेघ एका दमात वरून खाली आलीये, आणि मध्ये एके ठिकाणी बारीक होऊन पुन्हा जाड झालीये. तिथे त्याने श्वास घेतला असणार असं मला वाटतं. चुकीच्या जागी पांढरा पोस्टर कलर लावलाय, तो आता तडकलाय.

दोन. चित्राखाली फिक्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. कधीच खोडलेल्या नाहीत. मला वाटलं आळस. नाही हो! लाईन कामाच्या त्या फिल्मला फिका निळा रंग दिसतच नाही, तो पांढराच येतो. म्हणून कच्चं रेखाटन आणि समासातल्या सूचना निळ्यात करायच्या, आणि आजोबांचा कॅमेरा त्या आपोआप गाळून टाकणार. आपण कोडमध्ये कॉमेंट लिहितो ना, जी कंपायलर वाचत नाही? अगदी तेच.

तीन, आणि याने मी चाट पडलो. फुगे रिकामे आहेत. सहाच्या सहा चौकटींत माणसं तोंड उघडून बोलतायत, वर संवादाचा फुगा आहे, आणि आत काही नाही. कारण एकच चित्र मराठीत, हिंदीत, गुजरातीत, इंग्रजीत छापायचं असेल तर अक्षरं चित्रावर लिहून चालत नाही. ती वेगळ्या पारदर्शक फिल्मवर असायची. रंगांच्या प्लेटा त्याच, फक्त काळ्या शाईची प्लेट भाषेप्रमाणे बदलायची. ॲपमध्ये आपण भाषेची स्ट्रिंग्ज फाईल वेगळी ठेवतो, ते या लोकांनी फिल्म आणि चिकटपट्टीने केलं होतं.

पण त्यामुळे एक गोष्ट हरवली. कालिदासाच्या नाटकात राजा संस्कृत बोलतो, आणि हा कोळी प्राकृतात, मागधीत. त्याच्या तोंडची भाषाच सांगते की हा कोण आहे. कॉमिकमध्ये सगळ्यांना एकाच वळणाचं अक्षर, एकच शुद्ध भाषा. कोळी कोण आहे हे सांगायचं काम सगळंच्या सगळं चित्रावर पडतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'अमर चित्रकथा' म्हटल्याशिवाय हा विषय पुढे जाऊच शकत नाही. अनंत पैंनी 1967 मध्ये मुंबईत ही मालिका सुरू केली, इंडिया बुक हाऊसकडून. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, कन्नडमध्ये. अकरावा अंक 'कृष्ण', आणि तो काढला राम वाईरकरांनी. तेच वाईरकर ज्यांनी पुढे 'टिंकल'मध्ये सुपंडी काढला, म्हणजे तुमच्या-माझ्या बालपणावर त्यांचा डबल हक्क आहे. पुण्याचे प्रताप मुळीक, ज्यांनी वाल्मीकी रामायण काढलं आणि नंतर राज कॉमिक्सचा नागराजही. दिलीप कदम, ज्यांनी 1985 पासून 42 भागांच्या महाभारताची चित्रं केली, टीव्हीवर चोप्रांचं महाभारत यायच्याही आधी. आणि अभिजात संस्कृत साहित्य तर या मालिकेत भरभरून आलं: शकुंतला, वासवदत्ता, वसंतसेना, मालविका, रत्नावली, कादंबरी. खरं सांगा, भास आणि शूद्रक ही नावं परीक्षेबाहेर तुम्ही कुठे भेटलात? मी तरी 32 पानांच्या रंगीत अंकातच भेटलो. बाणभट्ट मला दाताच्या दवाखान्यात भेटला, वेटिंगमध्ये.

परदेशात हाच प्रकार 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड'ने 1941 पासून केला होता, पहिला अंक 'थ्री मस्केटियर्स'. लोक नाकं मुरडायचे की मुलं मूळ पुस्तक वाचणार नाहीत. तो वाद मला आता जुना वाटतो. मला जास्त महत्त्वाचं हे वाटतं की या चित्रकारांना आपण 'नुसतं चित्र काढून देणारे' समजलो. गोष्ट कालिदासाची, संवाद लेखकाचे, चित्रकाराने फक्त दाखवायचं. मीही असंच समजत होतो, गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात मी पान स्कॅन करायला घेतलं. आजीने अट घातली होती: पणजोबा टेम्पोत जातील, पण हे तू हातात घेऊन ये. ऑफिसच्या एका मित्राकडे मोठा फ्लॅटबेड स्कॅनर आहे. काचेवर पान ठेवलं, उचललं, आणि कागदाचा एक छोटा तुकडा, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा, काचेवरच राहिला. माझ्या पोटात गोळा आला. फाडलं की काय!

फाटलं नव्हतं. तो ठिगळ होता. तिसऱ्या चौकटीत कोळ्याचा चेहरा मूळ बोर्डावर नव्हताच, वेगळ्या कागदावर काढून वरून चिकटवलेला होता. रबर सोल्यूशन वर्षांनी वाळतं, पिवळं पडतं आणि सोडून देतं. कॅमेऱ्याला ठिगळाची कड दिसू नये म्हणून कडेला पांढरा रंग फिरवलेला. मला आधी काहीच कळलं नव्हतं.

आणि खाली दुसरा चेहरा होता.

वरचा चेहरा, जो छापला गेला असणार, तो आपण हजारदा बघितलाय. भुवया मध्ये चढलेल्या, डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं, हात जोडलेले. गरीब बिचारा. खालचा चेहरा वेगळाच आहे. मान ताठ. एक भुवई वर. शिपायाकडे सरळ बघतोय, आणि ओठाच्या एका कोपऱ्यात किंचित, किंचित हसू. घाबरलाय, गळ्याची शीर दिसतेय, पण वाकलेला नाही. आणि समासात, निळ्या पेन्सिलीत, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा अक्षरांत तीन शब्द: चेहरा गरीब हवा.

रात्री घरी येऊन मी 'शाकुंतल'चा तो प्रवेश काढून वाचला. मराठी भाषांतर, एका बैठकीत. आणि मंडळी, कालिदासाचा कोळी गरीब बिचारा नाहीच. कोतवाल त्याच्या धंद्याची चेष्टा करतो, तेव्हा तो उलट उत्तर देतो. म्हणतो की जन्मासोबत आलेलं काम, कुणी नावं ठेवली तरी सोडायचं नसतं, आणि यज्ञात पशू मारणारा ब्राह्मणही मनाने दयाळू असतोच की. मान सोडवायची वेळ आलीये आणि हा माणूस वाद घालतोय! पुढे राजाकडून अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस येतं. जानुकाचा चेहरा पडतो. तेव्हा हाच कोळी अर्धे पैसे त्यांच्या हातात ठेवतो, आणि ज्यांनी मघाशी मारलं त्यांच्याचबरोबर सगळे दारूच्या गुत्त्याकडे निघतात. संपूर्ण नाटकात सगळ्यात जास्त जग बघितलेला माणूस बहुतेक हाच.

म्हणजे चित्रकाराने नाटक वाचलं होतं. नुसती स्क्रिप्ट नाही. किंवा वाचलं नसेल, वरळीच्या किंवा दादरच्या बाजारात कोळ्याशी भाव करताना अनुभवलं असेल, मला दोन्ही चालेल. त्याने कोळ्याची मागधी भाषा चेहऱ्यात आणली होती. आणि टेबलापलीकडच्या कुणीतरी ती काढून टाकली. छापील अंकात तुम्हाला संपादकाला पटलेला कोळी भेटतो. चित्रकाराने वाचलेला कोळी फक्त या बोर्डावर आहे, ठिगळाखाली.

तो संपादक वाईट होता असं मी म्हणत नाही. लहान मुलांचा अंक, गोष्ट पटकन कळायला हवी, गरीब माणूस गरीब दिसायला हवा. माझ्याही ऑफिसात असले रिव्ह्यू कॉमेंट येतात आणि मी निमूट बदल करतो. चेहरे बदलण्याची पद्धत तर जगभर होती. अमेरिकेत जॅक कर्बी, म्हणजे कॅप्टन अमेरिकाच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डीसीकडे गेला आणि 1970 च्या सुमारास सुपरमॅन काढू लागला. तर कंपनीने त्याने काढलेले सुपरमॅनचे चेहरे दुसऱ्या चित्रकारांकडून पुन्हा काढून घेतले. हाच कर्बी पुढे आपली मूळ पानं परत मिळावीत म्हणून मार्व्हलशी भांडला. 1987 मध्ये सुमारे दोन हजार पानं परत मिळाली. काढलेली होती त्याच्या कितीतरी पट.

आता चित्रकाराचं नाव. तुम्ही म्हणाल, सही असेल ना. सही खाली उजव्या कोपऱ्यात करतात. आमच्या पानाला खालचा उजवा कोपरा नाही. पणजोबांच्या फ्रेममध्ये बसावा म्हणून आजोबांनी उजवीकडून दोन बोटं पट्टी कापलीये. कात्रीने, नीट सरळ. टाकवत नाही म्हणून घरी आणला, जपून ठेवला, आणि त्याच हाताने नाव कापलं. हे आजीला सांगताना मला कसंतरीच झालं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं रे, की हे चित्र आहे."

सॉफ्टवेअरमध्ये 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. कुठल्याही ओळीवर चालवा, ती ओळ शेवटची कुणी बदलली, कधी बदलली, लगेच समोर. चहाच्या टपरीवर आम्ही तिला शिव्या घालतो, कारण तीन वर्षांपूर्वीची चूक नावासकट बाहेर येते. या बोर्डासमोर बसून मी पहिल्यांदा म्हटलं की ही कमांड हवी होती. इमेज सर्च करून झालं. काही मिळालं नाही. रेघेचं वळण जुळवायला घरातले आणि मित्रांचे जुने अंक पसरून बसलो. शिपायाच्या पोटऱ्या एकाच्या वाटतात, झाडं दुसऱ्याची. पूर्वी एका पानावर दोन-तीन हात फिरायचे, गुरू पेन्सिल करायचा, शिष्य शाई, त्यामुळे हे असंच होणार.

मग दादाचं म्हणणं पडलं की विकून टाकू. (दादा म्हणजे चुलतभाऊ. डिपॉझिटचे पैसे त्यानेच भरलेत, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क आहे.) मी एका जुन्या कागदपत्रांच्या विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचे प्रश्न: सही आहे का? कुठल्या अंकातलं? तुमच्याकडे कुठून आलं, काही कागद? नाही, नाही, नाही. त्याने सांगितलेली रक्कम म्हणजे शनिवारच्या टेम्पोच्या दोन फेऱ्या. ठिगळाचं सांगितलं तर म्हणाला, ते परत चिकटवून टाका, छापलंय तसं असलं की बरं जातं.

त्याचा तिसरा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. कुठून आलं? अंगठी कुठून आली, बोल! चित्रातले शिपाई कोळ्याला हेच विचारतायत. आजोबांनी चोरलं नाही, रद्दीतून उचललं. पण रद्दीत टाकायचा हक्क तरी कुणाचा होता? मी वकील नाही, पण थोडं वाचलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्र छापण्याचा हक्क आणि तो बोर्ड हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालकाचा. पण कलम 57 प्रमाणे, कॉपीराइट विकला तरी 'हे मी काढलंय' असं म्हणायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. आणि कलम 53अ, जे मला माहीतच नव्हतं: मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांच्या वर असेल, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. अट अशी की कॉपीराइटचा पहिला मालक तो स्वतः असला पाहिजे. म्हणजे पगारावर काढणारा इथेही बाहेर. आणि वाटा द्यायचा म्हटला तरी नाव हवं, जे आम्ही कापून टाकलंय.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय करणार? ठेवणार भाड्याच्या वन आरकेमध्ये?" तूर्तास हो. घरच्यांसमोर ठरलं ते असं: वर्षभर विकायचं नाही. तेवढ्यात नाव मिळालं, तर त्या घरी जाऊन दाखवायचं आणि मग त्यांच्याशी बोलून ठरवायचं. दादा तयार झाला, पण तारीख लिहून घेतलीये त्याने, कॅलेंडरवर, माझ्यासमोर.

म्हणून हा भाग. तुमच्या घरात कुणी आजोबा, काका, मावशी कमर्शियल आर्टिस्ट होते का? गिरगाव, दादर, लालबाग, परळ, या पट्ट्यात छापखाने आणि स्टुडिओ काही कमी नव्हते. जुन्या फ्रेम टाकण्याआधी मागून उघडून बघा. कपाटाच्या खणात अंथरलेले पुठ्ठे उलटून बघा. काही सापडलं तर कृपा करून लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, आणि निळ्या रेघा खोडू नका. ॲसिड-फ्री कागदात आडवं ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, मुंबईची हवा आहे, बुरशी येते. फोटो काढताना समासासकट काढा, आणि मागच्या बाजूचाही काढा. आमच्या बोर्डाच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीत '17' आहे आणि एका फोन नंबरचे सहा आकडे. सहा आकडी नंबर, म्हणजे जुनाच काळ.

दोन्ही चेहरे स्कॅन करून या भागाच्या कव्हरवर शेजारी शेजारी लावलेत, अगदी जवळून. शिपायाच्या पोटऱ्याही लावल्यात, ज्यांना रेघ ओळखता येते त्यांच्यासाठी. कुणी म्हणालं की हा हात आमच्या बाबांचा आहे, तर मी रविवारी घेऊन येतो, लोकलने, मांडीवर ठेवून.

ठिगळ परत चिकटवलेला नाही. वेगळ्या पाकिटात ठेवलाय, पानाच्याच फोल्डरमध्ये. आजीला विचारलं होतं, काय करू. तिने दोन्ही चेहरे चष्म्याजवळ धरून बघितले, वरचा बाजूला ठेवला, आणि खालच्याकडे बोट करून म्हणाली, "ह्याच्याकडून मी मासे घेतले असते. भाव कमी नसता केला मेल्याने, पण ताजे दिले असते."

चला, आई टेप मागतेय. पुढचा भाग नव्या पत्त्यावरून.